३० ग्रॅमची ट्यूब आणि अख्खं अंग

घरात कुणाला सोरायसिस निघाला की पहिला बळी वांग्याचा जातो. पाठोपाठ दही, मासे, लोणचं. येणारा-जाणारा प्रत्येकजण पथ्यात एक-एक जिन्नस वाढवून जातो आणि त्या माणसाचं ताट आठवड्याभरात ओकंबोकं होतं. वांग्यामुळे सोरायसिस चिघळतो असं म्हणायला भक्कम पुरावा नाही. दारू, तंबाखू आणि वाढलेलं वजन यांचा संबंध मात्र वारंवार दिसून आलेला आहे, पण त्यावर बोलायला घरात कुणी धजत नाही. आणि जो प्रश्न रोज सकाळी विचारायला हवा तो तर कुणीच विचारत नाही: अंगाला लावायचं आज लावलंस का?

आपल्याकडे अंगाला क्रीम चोपडणं हा नट्टापट्टा समजला जातो. गोळी म्हणजे औषध, इंजेक्शन म्हणजे जालीम औषध, आणि क्रीम म्हणजे चैन. माझा वाद या समजुतीशी आहे.

निरोगी त्वचेतली पेशी तळात जन्मून वर येऊन गळून पडायला साधारण चार आठवडे घेते. सोरायसिसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणाच स्वतःच्या त्वचेला चिथावते आणि हाच प्रवास तीन ते पाच दिवसांत उरकतो. अर्धवट तयार झालेल्या पेशींचे थर चढतात, त्यांचेच पांढरट पापुद्रे निघतात. अशी त्वचा पाणी धरून ठेवू शकत नाही. ती कोरडी पडते, भेगाळते, खाजते. पेट्रोलियम जेली, लिक्विड पॅराफिन, युरिया घातलेलं क्रीम यांचं काम इथे सुरू होतं. त्यांनी आजार मुळातून जात नाही. पण खाज कमी होते, भेगा मिटतात, खपल्या मऊ पडतात आणि डॉक्टरांनी दिलेलं औषधी मलम खपलीवर न राहता आत पोहोचतं.

आता प्रमाण पाहू. त्वचारोगतज्ज्ञ मलम बोटाच्या पेरावर मोजतात. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली मलमाची रेघ म्हणजे अंदाजे अर्धा ग्रॅम, आणि तेवढ्यात मोठ्या माणसाच्या दोन पंजांएवढी जागा माखते. अख्ख्या अंगाला अशा सुमारे ४० रेघा लागतात, म्हणजे २० ग्रॅम. दिवसातून दोनदा लावायचं तर ४० ग्रॅम, आठवड्याला २८० ग्रॅम. दुकानातून घरी येते ती ट्यूब असते १५ किंवा ३० ग्रॅमची, आणि ती महिनाभर पुरवून वापरली जाते. मग 'क्रीम लावून काही फरक नाही' हे ऐकू येणारच. औषधी मलमाचं गणित वेगळं: ते मोजून, फक्त चट्ट्यांवर, सांगितले तेवढेच दिवस. ओलावा धरणारं क्रीम मात्र सढळ हाताने, रोज, चट्टे दबलेले असतानाही.

दुसरी अडचण वेळेची. आपल्याकडे तेल अंघोळीच्या आधी लावायची रीत आहे. दिवाळीत तेल जिरवायचं, मग उटणं खसखसून लावायचं, वर साबण. म्हणजे लावलेलं बरंचसं मोरीत जातं. सोरायसिसच्या त्वचेला स्निग्धता हवी असते ती अंघोळीनंतर. पाणी कोमट, अंघोळ दहा मिनिटांत आटोपलेली, साबण सौम्य, जुन्या मऊ पंच्याने अंग टिपून घेतलेलं आणि त्वचा ओलसर असतानाच क्रीम. बंबातलं कडकडीत पाणी आणि वजरी ही दोन सुखं मात्र सोडावी लागतात. खपली घासून काढली की खालून रक्ताचे बारीक ठिपके उमटतात, आणि नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. हाइनरिश कोब्नर या जर्मन डॉक्टरांनी १८७०च्या दशकात दाखवून दिलं की सोरायसिसच्या रुग्णाच्या निरोगी त्वचेला इजा झाली तर त्या जागीही नवा चट्टा उठू शकतो. जागतिक सोरायसिस दिन २९ ऑक्टोबरला असतो, बहुतेक वर्षी दिवाळीच्या आगेमागेच. यंदा तेल जरूर लावा, पण उटणं घासू नका आणि अंग टिपल्यावर पुन्हा क्रीम लावा.

कोब्नर यांचं निरीक्षण एकदा ध्यानात आलं की घरातल्या कितीतरी वस्तू वेगळ्या दिसू लागतात. परकराची घट्ट आवळलेली नाडी, कंबरेचा करगोटा, पँटचा पट्टा, दाढीच्या पात्याचे ओरखडे, डोक्यात खोल रुतणारा बारीक दातांचा फणा. फरशी पुसताना घासले जाणारे गुडघे. आणि खाजेवर रामबाण म्हणून कुणीतरी सुचवलेला बिब्बा. बिब्ब्याचं तेल चांगल्या कातडीलाही भाजून काढतं, सोरायसिसवर तर त्याला दारही उघडू नये.

हे सगळं सांगणं सोपं आहे. करायचं कुणी आणि कुठे? एका मोरीसमोर पाच जण रांगेत असतात, नळ ठरावीक वेळेलाच येतो, डबे भरायचे असतात. अशा घरातल्या बाईने दार लावून पाठीला, पोटऱ्यांना क्रीम लावत दहा मिनिटं काढायची म्हटलं तर दारावर थापा पडतात. पाठीपर्यंत तिचा हात पोहोचत नाही आणि 'जरा लावून दे' म्हणायचा संकोच वाटतो. भांड्याच्या साबणाने आणि तारेच्या घासणीने तळवे फाटलेले असतात. चादरी तेलकट होतात म्हणून बोलणी खावी लागतात ती वेगळीच. पुरुषांची तऱ्हा निराळी: क्रीम लावायचं म्हणजे बायकी काम, म्हणून तो रात्रभर खाजवत बसतो. रोजची निगा फसते ती बहुधा आळसाने नाही. घराने तिला वेळ, जागा आणि पैसा देऊ केलेला नसतो.

यावर थोडी तडजोड चालते. दिवसा पातळ लोशन, रात्री जुने सुती कपडे घालून घट्ट मलम. कोकणातल्या घामट हवेत हलकं, विदर्भातल्या कोरड्या थंडीत दाट. महागडी बाटली परवडत नसेल तर साधी पेट्रोलियम जेली घ्या, बहुतेकांना तीही पुरते. एक सावधगिरी मात्र हवीच. पॅराफिन मुरलेलं कापड चटकन पेट घेतं आणि धुतल्यावरही ते पूर्ण निघत नाही, म्हणून ते कपडे अंगावर असताना गॅस, समई आणि विडी यांच्यापासून दूर राहा.

वेळ आणि धीर संपला की माणूस औषधाच्या दुकानात जातो आणि खाजेचं मलम मागतो. त्यात बहुधा जहाल स्टिरॉइड असतं. चार दिवसांत चट्टे फिके होतात, माणूस खूश होतो आणि तेच मलम महिनोन्‌महिने चालू राहतं. त्वचा पातळ होते, जांघेत आणि काखेत तर लवकरच, आणि मलम थांबवताच सोरायसिस दुप्पट जोराने उसळू शकतो. अनेक स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असं केंद्र सरकारने २०१८ मध्ये ठरवलं, तरी काउंटरवर ती आजही सहज मिळतात. स्टिरॉइड वाईट नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते उत्तम काम करतं. वाईट आहे ती त्याची बेहिशेबी विक्री.

क्रीमच्या मर्यादाही सांगायला हव्यात. चट्टे अंगभर पसरले, नखं खडबडीत झाली, सकाळी उठल्यावर बोटांचे सांधे अर्धा-पाऊण तास आखडू लागले तर क्रीमवर विसंबू नका. तो सांध्यांचा सोरायसिस असू शकतो आणि तिथे उशीर महागात पडतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने २०१४ मध्ये ठराव करून सोरायसिस हा दीर्घकालीन, वेदनादायी आणि असंसर्गजन्य आजार असल्याचं मान्य केलं. तो स्पर्शाने पसरत नाही. तेव्हा आई, नवरा, बहीण, मुलगा, कुणीही पाठीला बिनधास्त क्रीम लावून द्यावं. सरकारी दवाखान्यांत पेट्रोलियम जेली आणि लिक्विड पॅराफिन गोळ्यांसारखंच मोजून, पण पुरेसं मिळावं. डॉक्टरांनी 'मॉइश्चरायझर लावा' एवढ्यावर चिठ्ठी संपवू नये. आणि रुग्णानेही खुर्चीतून उठण्याआधी विचारून घ्यावं: रोज किती ग्रॅम, दिवसातून किती वेळा, किती दिवस, आणि संपल्यावर कुठे मिळेल?