फिल्टर बदलला, पण ट्रकच्या कॉम्प्युटरला सांगितलं का?

अमेरिकन पिकअप ट्रकच्या रील्स तुम्हीही बघत असाल. बॉनेट उघडतं, कंपनीचा डबा निघतो, चकचकीत मोठा फिल्टर बसतो आणि इंजिन डरकाळी फोडतं. खाली कमेंट, 'पॉवर वाढली भाऊ!' माझा प्रश्न एवढाच असतो, या इंजिनला हवा मोजून कोण देतंय?

एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. म्हणजे किती पेट्रोल सोडायचं हे ठरवण्याआधी कॉम्प्युटरला आत आलेली हवा कळली पाहिजे. त्याचे मुख्य मार्ग दोन. पहिला, मास एअरफ्लो सेन्सर. यात हवेच्या वाटेवर एक तापलेली तार असते. हवा ती थंड करते आणि तिचं तापमान टिकवायला किती करंट लागला त्यावरून हवेचं वजन कळतं. दुसरा मार्ग स्पीड-डेन्सिटी. यात हवा मोजतच नाहीत. मॅनिफोल्डमधला दाब, हवेचं तापमान, आरपीएम आणि आधीच भरून ठेवलेला तक्ता यांवरून अंदाज काढतात.

२०११ ची फोर्ड एफ-१५० घ्या. ५.० लिटर व्ही८ मध्ये एअरफ्लो सेन्सर आहे, तर ३.५ लिटर इकोबूस्ट टर्बोमध्ये तो नाहीच, तिथे दाबावर हिशेब. ट्रक एकच, पण एकाचा जुगाड दुसऱ्याला चालेलच असं नाही.

सेन्सरवाल्या ट्रकला जास्त रुंद पाइप लावला की तेवढीच हवा तारेजवळून हळू जाते. कॉम्प्युटरला वाटतं हवा कमी आली, तो पेट्रोलही कमी सोडतो. फुल थ्रॉटलला असं झालं तर नॉकिंग, आणि मग पिस्टनचा खर्च! तेल लावलेल्या फिल्टरचं तेल जास्त झालं तर तारेवर थर बसतो, आकडा तिथेही चुकू शकतो.

स्पीड-डेन्सिटीचं दुखणं वेगळं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या ५.० लिटर एफ-१५० मध्ये हीच पद्धत होती. त्यात जास्त लिफ्ट-ड्युरेशनचा कॅमशाफ्ट टाकला की आयडलला व्हॅक्यूम पडतो, कॉम्प्युटर त्याला लोड समजून पेट्रोल ओततो आणि इंजिन हेलकावे खातं. तक्ता जुन्या कॅमचा, इंजिन नवं. म्हणून तर लोक खर्च करून या ट्रकना एअरफ्लो सेन्सर बसवून घ्यायचे.

आता खरा वाद. तक्ता बदलायचा म्हणजे ट्यूनिंग आलं, आणि त्याच दारातून प्रदूषण यंत्रणा बंद करणंही आत शिरतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या, ईपीएच्या, २०२० च्या अंदाजानुसार आधीच्या सुमारे दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची प्रदूषण नियंत्रण यंत्रणा काढली गेली होती. फेडरल क्लीन एअर कायद्यात याला परवानगी नाही. कॅलिफोर्नियात तर साध्या इनटेक किटलाही मंजुरीचा क्रमांक लागतो. मला हा नियम जाचक वाटत नाही. क्रमांक मिळवायचा तर ट्रकचा धूर मर्यादेत राहतो हे आधी दाखवावं लागतं. रीलवाला हे कुठे दाखवतो?

पुढच्या वेळी रील बघाल तेव्हा आवाज सोडा, मोबाइलवरचे आकडे मागा. ब्लूटूथ ओबीडी अडॅप्टर लावला की फ्युएल ट्रिम दिसतो. फिल्टर बदलल्यावर तो अधिक १० टक्क्यांच्या वर जाऊन बसला, तर कॉम्प्युटर कुणाची तरी चूक भरून काढतोय.