सुभद्रेनंतरचे वर्ष

नवरात्रात घरोघरी कुमारिकापूजन होते. मुलीला पाटावर बसवावे, तिचे पाय धुवावेत, कुंकू लावावे, गोडाधोडाचे भोजन घालावे, ही आपली रीत. देवीभागवताने दोन ते दहा वर्षांच्या कुमारिकांना वयपरत्वे नऊ नामे दिली आहेत. दोन वर्षांची ती कुमारिका, तीनची त्रिमूर्ती, चारची कल्याणी. पुढे नऊ वर्षांची दुर्गा आणि दहाची सुभद्रा. तेथे ही नामावळी संपते. अकराव्या वर्षापासून दरिद्री घरातील मुलीच्या वाट्याला काय येते, याचा विचार या पर्वकाळी अप्रस्तुत ठरू नये.

बीड जिल्ह्याचेच पाहा. दसरा-दिवाळी आटोपली की तेथील ऊसतोड कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात, ती हंगाम संपल्यावरच परततात. पती-पत्नीच्या जोडीला तेथे एक ‘कोयता’ म्हणतात आणि मुकादमाकडून उचल मिळते ती या जोडीवर. आईबाप पहाटे फडात गेले की धाकटी भावंडे सांभाळणे, पाणी भरणे, भाकरी थापणे हे थोरल्या मुलीकडे येते. मुलगा असता तर त्याला शाळेसाठी आजीजवळ ठेवण्याचा विचार तरी झाला असता. हे काम मात्र ‘मुलीचेच’ असे आधीच ठरलेले असते. तिच्या श्रमांची नोंद कोणत्याही हिशेबात नसते. शाळेच्या हजेरीपटावर गैरहजेरी तेवढी लागते.

ती वयात आली की दुसरा पेच पडतो. सोबत न्यावी, तर माळावरच्या कोपीला धड दार नाही. मागे ठेवावी, तर राखण कोणाची? मग लग्न हाच उपाय वाटू लागतो. त्यातून नवा कोयताही उभा राहतो. अब्रूची चिंता आणि उचलीचा हिशेब अशी दोन्ही कारणे एकाच मुहूर्ताकडे बोट दाखवितात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराव्या वर्षापूर्वी विवाह झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के, तर बीड जिल्ह्यात सुमारे ४४ टक्के आढळले. या आईबापांना निर्दय म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु दारिद्र्याने त्यांच्यापुढे दोनच वाटा ठेवल्या, आणि ‘मुलगी म्हणजे परक्याचे धन’ या आपण सर्वांनी जपलेल्या समजुतीने त्यांतील शाळेची वाट बंद केली.

मुलीच्या विवाहाचे किमान वय १९७८ साली अठरा झाले. २००६ च्या कायद्याने तर बालविवाह लावणारासही अपराधी ठरविले आहे. म्हणजे मंगलाष्टके म्हणणारा आमचा वर्गही त्यातून सुटत नाही. वय विचारल्यावाचून अंतरपाट धरू नये, एवढा निर्बंध आम्ही स्वतःवर घालून घ्यावा. गावकऱ्यांनीही करण्याजोगे आहे. आईबाप फडावर असताना मुलांना गावीच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहांची योजना आहे. आपल्या गावात ते वेळेवर उघडते का, तेथे मुलींची सोय निर्धोक आहे का, हे मंदिराच्या विश्वस्तांनी व महिला मंडळांनी जाऊन पाहावे.

अष्टमीला आपण ज्या मुलीचे पाय धुवू, ती दिवाळीनंतर कोठे असेल, हे तिच्या आईला अवश्य विचारावे. उत्तर ‘फडावर’ असे आले, तर पूजा अजून पुरी झालेली नाही, असे समजावे.