रेशनच्या तांदळात 'प्लास्टिक'? फेकण्याआधी हे वाचा

रेशनचा तांदूळ धुताना काही दाणे पाण्यावर तरंगतात. मग 'प्लास्टिकचा तांदूळ' म्हणून व्हिडिओ फिरतो आणि हे दाणे वेचून फेकले जातात. ते प्लास्टिक नाही. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि व्हिटॅमिन बी12 मिसळून यंत्रात त्याला पुन्हा दाण्याचा आकार दिलेला असतो. 100 किलो तांदळात असे दाणे साधारण 1 किलो. म्हणजे जे फेकलं, त्यातच सगळं होतं.

हे घातलं कशाला? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के महिलांना ॲनिमिया आढळला. लोहाशिवाय हिमोग्लोबिन बनत नाही. गरोदरपणाच्या सुरुवातीला फॉलिक ॲसिड कमी पडलं, तर बाळाच्या मेंदूत किंवा मणक्यात दोष राहू शकतो. बी12 घटलं की थकवा येतो, हातापायांना मुंग्या येतात.

अफवा बाजूला ठेवली तरी एक प्रश्न उरतोच. थॅलेसेमिया आणि सिकलसेलच्या रुग्णांसाठी पाकिटावर असलेल्या इशाऱ्याची सक्ती 2024 मध्ये काढली गेली. तसाही रेशनचा तांदूळ सुटाच मिळतो, पाकीट बघतंय कोण? आणि सिकलसेलचे रुग्ण विदर्भात, नंदुरबारमध्ये बरेच आहेत. ज्यांना वारंवार रक्त चढवावं लागतं, त्यांच्या शरीरात आधीच जास्तीचं लोह साठलेलं असू शकतं. त्यांनी हा तांदूळ खाण्याआधी डॉक्टरांना विचारलेलं बरं.