इशारा आणि जुनें पान

गेल्या सत्रांत एका संस्थेचें जुनें संकेतस्थळ दुरुस्त करण्याचें काम आपल्यापैकीं कांहीं मुलांनीं हौसेनें अंगावर घेतलें होतें. तेथील पीएचपी ही संगणकभाषा नव्या आवृत्तीची बसविली, तोंच प्रत्येक पानाच्या माथ्यावर इशाऱ्यांच्या ओळी उमटूं लागल्या: अमुक रचना कालबाह्य झाली आहे, पुढें ती चालणार नाहीं. एका चलाख मुलानें एकच ओळ लिहून सारे इशारे बंद केले व पान स्वच्छ झालें म्हणून शाबासकी मागितली. दुसरा म्हणाला, "सर, जुनीं पानेंच काढून टाकूं या." हे दोन्ही उपाय मला पटले नाहींत, कां, तें येथें सांगतों.

पहिल्या उपायाविषयीं लालबाग-परळच्या चाळींत वाढलेल्यांस फार सांगणें नको. दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं म्हाडाकडून जुन्या उपकरप्राप्त इमारतींची पाहणी होऊन अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर होते. जिन्यावरची नोटीस फाडल्यानें तुळई बळकट होत नाहीं. पीएचपीमध्यें मायएसक्यूएल ह्या डेटाबेसशीं बोलण्याच्या ज्या मूळच्या आज्ञा होत्या, त्यांजविषयीं २०१३ सालीं ५.५ आवृत्तीपासून इशारा मिळूं लागला. २०१५ च्या डिसेंबरांत निघालेल्या ७.० आवृत्तींत त्या उरल्याच नाहींत. अडीच वर्षांची मुदत कांहीं थोडी नव्हे. ज्यांनीं इशारे दडपले व आज्ञा बदलल्या नाहींत, त्यांचीं पानें नवी आवृत्ति बसवितांच बंद पडलीं. जुन्या आवृत्तीलाच चिकटून राहावें, तर तिचीं भगदाडें बुजविणारा कोणी राहत नाहीं, ५.६ च्या सुरक्षेच्या दुरुस्त्या २०१८ च्या अखेरीस थांबल्या.

मात्र इशारा वाचकाच्या तोंडावर फेकण्याचीहि वस्तु नव्हे. वाचकास त्याचा उपयोग शून्य, आणि आंतल्या फायली कोठें ठेविल्या आहेत हें त्यावरून परक्यास कळतें. तो नोंदवहींत लिहिला जावा आणि ज्याच्याकडे घराची किल्ली, त्यानें ती नियमानें वाचावी.

दुसरा उपाय मला अधिक बोचला. नव्या द्राक्षारसाचा नि जुन्या बुधल्यांचा दृष्टान्त त्या मुलानें पुढें केला. (तो शिकविणारा मीच!) पण जुना द्राक्षारस प्यालेल्यास नवा नकोसा वाटतो, हेंहि लूकानें त्याच ठिकाणीं नमूद केलें आहे. ह्या पानांवर जुन्या विद्यार्थ्यांचे लेख आहेत. एका पालकबाईंनीं आपल्या दिवंगत बहिणीचा शाळकरी निबंध तेथें पुष्कळ शोधला, तो मिळेना. निबंध होता. बहिणीचें नांव 'ॲ' ह्या अक्षरानें सुरू होणारें. युनिकोड ह्या जागतिक अक्षरसंकेतांत त्या अक्षरास स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ सालीं, ५.१ आवृत्तींत. त्यापूर्वीं लोक 'अ' लिहून वर चंद्राची निराळी खूण देत. आतां तसें लिहूं नये असें युनिकोडचें प्रमाण सांगतें. डोळ्यांस दोन्ही रूपें सारखींच, पण अक्षराक्षर ताडून पाहणाऱ्या शोधयंत्रास तीं अगदीं निराळीं. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनीं मराठींतील अनुच्चारित अनुस्वार गेले, तरी माझे हे हट्टी अनुस्वार वाचतांना कोणाचें अडत नाहीं. यंत्राला तेवढी उदारता शिकवावी लागते. 'दऱ्या' ह्या शब्दांतील अर्धा र लिहिण्याची २.० आवृत्तींतील रीत, पुढें दुसरी रीत आली तरी, युनिकोडनें टिकविली, हें मला फार शहाणपणाचें वाटतें.

माझें मत असें कीं, आज्ञांना मुदत असावी, लोकांच्या लेखनाला नसावी. चाळ पाडावयाची असेल तर पाडावी, परंतु आंतल्या भाडेकरूचा हक्क तिच्याबरोबर पडूं नये. दोन्ही रीती सांभाळण्यांत श्रम दुप्पट होतात, असें कोणी म्हणेल. होतात खरे, पण ते एकदांच, आणि जाणत्यानें करावयाचे. ते टाळले तर प्रत्येक वाचकाच्या माथीं येतात, आणि तो बिचारा शोधणें सोडून देतो.

मुलांनीं शेवटीं शोधाची सोय अशी केली कीं, जुनें व नवें रूप एकच मानलें जावें, नवें लेखन मात्र नव्याच रूपांत साठावें. मूळ पानांस हात लाविला नाहीं. त्या बाईंस निबंध मिळाला. नोंदवहींत अद्याप बरेच इशारे शिल्लक आहेत. नाताळच्या सुटीपूर्वीं ते निकालांत काढण्याचें मुलांनीं कबूल केलें आहे, आणि तोंवर दर शनिवारीं ती वही मी स्वतः पाहणार आहें.