कागद कुणाचा, शाई कुणाची?

यंदाच्या दिवाळी अंकातला विशेष विभाग शीतयुद्धाला वाहिलेला आहे. १९४७ पासून १९९१ पर्यंत अमेरिका आणि सोव्हिएत संघ एकमेकांसमोर दंड थोपटून उभे होते. बर्लिनची भिंत, क्यूबातली क्षेपणास्त्रे, कोरिया, व्हिएतनाम आणि अफगाणिस्तानात कामी आलेली लाखो माणसे यांची हकिकत आतल्या पानांत सविस्तर वाचायला मिळेल. आम्हांला इथे बोलायचे आहे ते या संघर्षाच्या छापील आघाडीविषयी. मासिक चालवणाऱ्यांना तो भाग सर्वांत जवळचा वाटतो.

१९६१ च्या फेब्रुवारीत केजीबीची माणसे मॉस्कोत वासिली ग्रोसमन यांच्या घरी आली. त्यांनी ‘लाइफ अँड फेट’ या कादंबरीचे हस्तलिखित तर नेलेच, शिवाय कार्बन पेपर आणि टंकलेखन यंत्राच्या फितीही नेल्या. लेखकाला हात न लावता पुस्तकाला अटक झाली. ग्रोसमन १९६४ साली वारले आणि कादंबरी स्वित्झर्लंडमध्ये छापली गेली ती १९८० साली.

ग्रोसमन यांच्या घरी केजीबी आली त्याच वर्षाच्या, म्हणजे १९६१ च्या अखेरीस ‘नोवी मीर’ या मॉस्कोच्या मासिकाचे संपादक अलेक्सांद्र त्वार्दोव्स्की यांच्या हाती एका अनोळखी शाळामास्तराचे लिखाण पडले. रात्री अंथरुणात पडून त्यांनी ते वाचायला घेतले, आणि दोनचार पाने होताच हे आडवे पडून वाचण्याजोगे नाही, असे वाटून ते उठले, कपडे चढवून बसले आणि रात्रभर वाचत राहिले. तो शाळामास्तर म्हणजे सोल्झेनित्सिन. हा प्रसंग सोल्झेनित्सिन यांनीच पुढे लिहून ठेवला आहे. श्रमछावणीतल्या कैद्याची ती कथा छापायला त्वार्दोव्स्कींना थेट सोव्हिएत सर्वोच्च नेते ख्रुश्चेव्ह यांची परवानगी मिळवावी लागली. नोव्हेंबर १९६२ च्या अंकात ती आली. १९७० मध्ये त्वार्दोव्स्कींना संपादकपद सोडणे भाग पाडले गेले आणि पुढच्याच वर्षी ते गेले.

स्वातंत्र्याचा झेंडा खांद्यावर घेतलेल्या अमेरिकेचे हातही स्वच्छ नव्हते. सिनेटर मॅकार्थी यांच्या कम्युनिस्टविरोधी मोहिमेच्या दहशतीत १९५३ साली परदेशांतल्या अमेरिकी ग्रंथालयांतून ‘संशयित’ लेखकांची पुस्तके काढून टाकण्यात आली. तुरुंगवास भोगून आलेल्या हॉवर्ड फास्ट यांच्या ‘स्पार्टाकस’ला मोठ्या प्रकाशकांनी दारे लावून घेतली, तेव्हा १९५१ मध्ये त्यांनी ते पदरमोड करून छापले.

त्याहून गंभीर प्रकार होता तो गुप्त पैशाचा. लंडनहून १९५३ पासून निघणारे ‘एन्काउंटर’ हे आपल्या काळातले एक उत्तम मासिक होते. ते चालवणाऱ्या ‘काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम’ या संस्थेला निरनिराळ्या प्रतिष्ठानांच्या आडून सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेचा पैसा मिळत होता. १९६७ मध्ये बिंग फुटले आणि स्टीफन स्पेंडर यांनी संपादकपदाचा राजीनामा दिला. आपल्याला याची कल्पना नव्हती, असे ते अखेरपर्यंत सांगत राहिले. याच काँग्रेसच्या भारतीय समितीने १९५५ साली ‘क्वेस्ट’ सुरू केले होते. ते मुंबईहून निघे आणि निसीम इझिकेल त्याचे पहिले संपादक होते. त्यातले लेखन आजही वाचावे असे आहे. म्हणूनच तो पैसा अधिक बोचतो. चांगल्या लेखकांच्या प्रामाणिक मतांवरही त्याने संशयाची सावली पाडली.

दुसऱ्या बाजूने मॉस्कोहून मराठीत छापलेली पुस्तके आपल्याकडे अगदी स्वस्तात येत. सोव्हिएत मासिकांच्या गुळगुळीत कागदाची वह्यांना कव्हरे घालत एक पिढी शाळेत गेली. अण्णा भाऊ साठे १९६१ साली रशियाला जाऊन आले आणि त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला. मॉस्कोहून आलेल्या त्या पुस्तकांनी मराठी मुलांना तोलस्तोय दिला, चेकॉव्ह दिला, हे ऋण आम्ही मानतो. पण त्या यादीत ग्रोसमन नव्हते, हेही विसरता येत नाही.

दोन्ही बाजूंचे माप एकच होते, असे आम्ही म्हणणार नाही. टंकयंत्राच्या फिती उचलून नेणारी सत्ता आणि मासिकाला चोरून पैसे पुरवणारी सत्ता यांत फरक आहे. पहिलीने लेखकाचा आवाज दाबला, दुसरीने वाचकाचा विश्वास घेऊन त्याला अंधारात ठेवले. आमचे मत स्पष्ट आहे: वाचकाला खरे सांगता येत नाही असा पैसा कितीही उदात्त कामासाठी आला, तरी संपादकाने तो घेऊ नये.

सोव्हिएत संघ आता नाही, पण मते विकत घेणारे संपलेले नाहीत. आज ते मोबाइलच्या पडद्यावरून घरात शिरतात. या अंकातल्या जाहिराती जाहिराती म्हणूनच छापल्या आहेत आणि लेखांच्या मजकुरात एकाही जाहिरातदाराचा हात नाही. वाचकहो, आमच्यासकट प्रत्येक नियतकालिकाला विचारत राहा: कागद कुणाचा, शाई कुणाची? हा प्रश्न विचारणे हा तुमचा हक्क आहे आणि त्याचे उत्तर देणे आमचे कर्तव्य.