कोंगोचे ढोल करमणुकीचे नव्हेत

माननीय संपादक,


गेल्या अंकातील लेखात कोंगोच्या कोरीव ढोलांना ‘नाचगाण्याची साधने’ आणि त्यांवरील आकृतींना ‘शोभेचे काम’ म्हटले आहे. दोन्ही विधाने चुकीची आहेत.

कोंगोत राहिलेल्या पोर्तुगीज दुआर्ते लोपेशच्या माहितीवरून इटालियन लेखक पिगाफेत्ताने 1591 साली रोममध्ये छापलेल्या वृत्तांतात कोंगो राज्याच्या सैन्याची वाद्ये वर्णिली आहेत. सेनापतीचे हुकूम ढोल, घंटा आणि शिंगांच्या नादाने रणांगणात पोहोचत. ही राज्यकारभाराची यंत्रणा होती; तिला करमणूक कसे म्हणायचे?

कोरीवकामाचेही तेच. कोंगोतील योंबे लोकांच्या छोट्या लाकडी वाद्याला कातडे नसते. पोकळ ओंडक्याला एक खाच असते आणि मुठीवर माणसाचे मस्तक कोरलेले असते. ते वाजवत असे विधी करणारा वैद्य, म्हणजे न्गांगा. याका लोकांत तर औषधे याच वाद्याच्या पोकळीत कालवली जात. अशा वस्तूवरचे मस्तक निव्वळ शोभेसाठी कोरलेले नसते.

संग्रहालयाच्या काचेआड ढोल मुका दिसतो, म्हणून लेखकाने त्याचे काम ठरवून टाकू नये. पुढील अंकात दुरुस्ती छापावी.

आपला,
एक वाचक, पुणे