वांध्यांची नोंद खुली हवी

वाराणसीतील पंचगंगा घाटाला लागून असलेला दुर्गाघाट मराठी वाचकांना अपरिचित नाही. पेशव्यांना गुरुस्थानी असलेल्या नारायण दीक्षितांनी १७४० च्या सुमारास तो बांधला आणि त्याच्या आसपास दक्षिणी कुटुंबांची वस्ती वाढत गेली. घाटांची बांधकामे, अन्नछत्रे, दानधर्म आणि यात्रेकरूंची सोय यांसाठी लागणारा पैसा दक्षिणेतून रोख पाठवणे धोक्याचे होते. तो हुंडीने जाई. एका शहरातील सावकाराने लिहिलेला कागद शेकडो कोसांवरच्या दुसऱ्या पेढीवर वटे. देणारा आणि घेणारा यांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नसे.

या व्यवहाराचा आधार केवळ श्रद्धा नव्हता. ‘शहाजोग’ हुंडीची रक्कम बाजारात पत असलेल्या व्यापाऱ्यालाच मिळे. कागद हातात आहे एवढ्यावर पैसे सुटत नसत. हुंडी नाकारली गेली तर त्याच गावातील दुसऱ्या प्रतिष्ठित पेढीने ती सकारावी, यासाठी सोबत जिकरी चिठ्ठी दिली जाई. खुद्द काशीत ‘नौपट्टी’ महाजनांची सभा व्यापारी तंट्यांचा निवाडा करी. कोणाची हुंडी परत गेली आणि कोणी निवाडा मानला नाही, हे पेढ्यापेढ्यांवर माहीत असे. त्या आठवणीचा धाक हीच बाजाराची शिस्त होती.

मात्र ती आठवण खुली नव्हती. ती महाजनांच्या वर्तुळात फिरे. ज्याच्या शेतातला माल विकून पेढीत पैसा येई, त्या कुणब्याला त्या चोपडीत डोकावता येत नसे. आजच्या शेतमाल बाजाराविषयी बोलताना हा फरक विसरता कामा नये. बाजाराला स्मृती नेहमीच असते. ती कोणाच्या ताब्यात आहे, हा खरा प्रश्न आहे.

१४ एप्रिल २०१६ रोजी आठ राज्यांतील २१ बाजारपेठा जोडून राष्ट्रीय कृषी बाजार, म्हणजेच ई-नाम, सुरू झाला. आज त्यात तेराशेहून अधिक बाजार समित्या आहेत. खासगी कंपन्यांचे मंच आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांची भ्रमणध्वनीवरील विक्री यांचाही विस्तार होत आहे. दूरच्या खरेदीदाराची बोली शेतकऱ्यापर्यंत पोहोचणे ही मोठीच सोय आहे. परंतु बोली पोहोचते तशी बोली लावणाऱ्याची कीर्ती पोहोचत नाही. बाजार समितीच्या आवारात चहाच्या टपरीवर, आडत्याच्या ओट्यावर, शेजारच्या गाडीवानाकडून ‘त्याला माल देऊ नको’ एवढे तरी कानावर पडत असे. पडद्यावर नाव, परवाना क्रमांक आणि भाव दिसतो. मागच्या हंगामात त्याने कोणाचे किती पैसे अडकवले, हे दिसत नाही.

हा धोका काल्पनिक नाही. नाशिक परिक्षेत्राच्या पोलिसांना २०२० मध्ये व्यापाऱ्यांकडे अडकलेले शेतकऱ्यांचे पैसे मिळवून देण्यासाठी मोहीम हाती घ्यावी लागली. त्याच वर्षी धुळे जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने मध्य प्रदेशातील व्यापाऱ्यांना सुमारे ३ लाख ३२ हजार रुपयांचा मका विकला. २५ हजार रुपये आगाऊ मिळाले; उरलेली रक्कम पंधरा दिवसांत मिळण्याचे ठरले होते, ती चार महिने मिळाली नाही. तेव्हा नुकत्याच आलेल्या कृषी व्यापार कायद्याखाली त्याने उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार केली आणि काही दिवसांत त्याला पैसे मिळाले. पंतप्रधानांनी नोव्हेंबर २०२० च्या ‘मन की बात’मध्ये या प्रकरणाचा उल्लेख केला. पुढे २०२१ च्या अखेरीस तो कायदा रद्द झाला.

कायद्याच्या गुणदोषांवर भरपूर चर्चा झाली. एक साधी बाब मात्र त्या गदारोळात मागे पडली. हा सौदा समोरासमोरचा होता. पण व्यापारी परप्रांतीय आणि अपरिचित असल्याने शेतकऱ्याची स्थिती ऑनलाइन विक्रेत्यासारखीच होती. त्या कायद्यात तक्रार ३० दिवसांत निकाली काढण्याची तरतूद होती. निवाड्याची नोंद पुढच्या विक्रेत्याच्या नजरेस पडावी, अशी सोय मात्र नव्हती. एका शेतकऱ्याला न्याय मिळाला. त्या न्यायातून दुसऱ्याला शहाणपण मिळाले नाही. प्रत्येक शेतकऱ्याने तोच धडा नव्याने आणि स्वतःच्या खर्चाने शिकावा, ही व्यवस्था महागडी आहे.

ऑनलाइन व्यापारात पारदर्शकता आणणारे नियम देशात नाहीत असे नव्हे. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० नुसार मंचाने विक्रेत्याचा पत्ता आणि त्याच्याविषयीचे मूल्यांकन ग्राहकासमोर ठेवायचे असते. बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या प्रकरणात स्पष्ट केले. पण शेतमाल विकताना तोच शेतकरी विक्रेता असतो आणि जोखीम उलटी फिरते. माल आधी जातो, पैसा मागून येतो. तेथे इतिहास दाखवायला हवा तो खरेदीदाराचा.

वांधा म्हणजे लबाडी नव्हे

या मागणीवर व्यापाऱ्यांचा आक्षेप ठरलेला आहे: प्रत्येक तक्रार खरी नसते, आणि प्रतिस्पर्धी खोट्या तक्रारींनी एखाद्याला बदनाम करू शकतो. हा आक्षेप गांभीर्याने घ्यावा असाच आहे. साठवणुकीतील किडींचे उदाहरण पुरेसे बोलके ठरेल. कडधान्यावरील भुंगेऱ्याची मादी दाण्याच्या पृष्ठभागावर अंडी चिकटवते. अळी दाण्यात शिरते, आतच वाढते, आतच कोषावस्थेत जाते आणि उबदार हवामानात महिनाभराच्या आत प्रौढ भुंगेरा गोल भोक पाडून बाहेर पडतो. तुरीसारख्या पिकात ही लागण शेतातूनच येऊ शकते. भिंगाखाली पांढरट अंडी दिसू शकतात. लिलावाच्या घाईतील मूठभर नमुन्यात ती सुटतात. सौद्याच्या दिवशी स्वच्छ दिसलेला माल तीन आठवड्यांनी खरेदीदाराच्या गोदामात पोखरलेला निघतो. तो रक्कम कापतो, शेतकरी संतापतो. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात.

म्हणूनच ‘या व्यापाऱ्याविरुद्ध तक्रार आहे’ एवढीच ओळ प्रसिद्ध करणे अन्यायकारक आणि निरुपयोगी ठरेल. नोंदीत शेतमाल, सौद्याची तारीख, वांध्याचे कारण, वादातील रक्कम, निकाल आणि निकालाची अंमलबजावणी इतके तरी असावे. वजनातील तफावत, प्रतीविषयी मतभेद, देयकास उशीर आणि देयक बुडवणे या चार वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची एकच मोळी बांधू नये. प्रलंबित तक्रारींची केवळ संख्या दाखवावी, तपशील निकालानंतर. व्यापाऱ्याला आपली बाजू चार ओळींत मांडण्याची जागा असावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वांध्यांच्या आकड्याशेजारी एकूण सौद्यांचा आकडा हवा. किती झाडे तपासली हे न सांगता किती झाडांवर कीड आढळली एवढेच सांगितले, तर त्या सर्वेक्षणावरून फवारणीचा निर्णय घेता येत नाही. पाच हजार सौद्यांत तीन वांधे आणि वीस सौद्यांत तीन वांधे यांचा अर्थ एक नव्हे. केवळ तक्रारी मोजल्या, तर मोठा आणि सचोटीचा व्यापारी बदनाम होईल आणि चार सौदे करून पसार होणारा स्वच्छ दिसेल.

इतरत्र काय होते

अमेरिकेत ताज्या फळे-भाजीपाल्याच्या व्यापारासाठी १९३० पासून स्वतंत्र कायदा आहे. नाशवंत माल विकणाऱ्याला न्यायालयाची वाट पाहणे परवडत नाही, हे त्यामागचे कारण. व्यापाऱ्याला परवाना लागतो. भरपाईचा आदेश होऊनही पैसे न दिल्यास परवाना निलंबित होतो, आणि अशा कारवाया तेथील कृषी विभाग जाहीर करतो. त्याच्याही आधी, १९०१ पासून, ‘ब्ल्यू बुक’ या खासगी प्रकाशनातून फळ-भाजी व्यापाऱ्यांची पत आणि देयकाची सवय नोंदवली जात होती. कायद्याने तिला सरकारी परवान्याची जोड दिली. नाशिकच्या द्राक्षांना किंवा सोलापूरच्या डाळिंबांना या तरतुदी परक्या वाटण्याचे कारण नाही.

भारतीय कायद्यालाही हे तत्त्व नवे नाही. कीटकनाशके अधिनियम, १९६८ च्या कलम २९ नुसार, त्याच प्रकारचा गुन्हा पुन्हा केल्याचे सिद्ध झाल्यास दोषीचे नाव, पत्ता, गुन्हा आणि शिक्षा वृत्तपत्रांतून प्रसिद्ध करण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. निकृष्ट औषधाने गेलेला हंगाम परत येत नाही; निदान दुसऱ्या शेतकऱ्याचा तरी वाचावा. २०२२ च्या नियमदुरुस्तीने परवानाधारकांना कीटकनाशकांची विक्री ई-वाणिज्य मंचांवरून करण्याची मुभा मिळाली आणि परवाना खरा आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी मंचावर आली. परवान्याशेजारी त्या विक्रेत्याच्या सिद्ध झालेल्या अपराधांची ओळ का नसावी, याचे पटणारे उत्तर देणे कठीण आहे.

सुरुवात कोठून

नोंदवही व्यापाऱ्याच्या दुकानाच्या नावाशी न जोडता परवाना व कायम खाते क्रमांकाशी जोडली पाहिजे. नाहीतर बुडालेली पेढी दुसऱ्या दिवशी नव्या पाटीखाली उघडते. तक्रारदार शेतकऱ्याचे नाव झाकलेले असावे, कारण त्याला पुढच्या हंगामात त्याच बाजारात उभे राहायचे असते. पैसे चुकते झालेल्या प्रकरणाची नोंद तीन वर्षांनी काढावी. न चुकवलेल्या रकमेची नोंद ती चुकती होईपर्यंत राहावी. नियम दोन्ही बाजूंना लागू असावेत. वरच्या थरात चांगला आणि खालच्या थरात डागी माल भरणारा विक्रेता, मग तो शेतकरी असो वा उत्पादक कंपनी, त्याचीही सिद्ध नोंद खरेदीदाराला दिसली पाहिजे. आणि मंच चालवणाऱ्यानेही आपल्याकडे किती तक्रारी आल्या, किती दिवसांत मिटल्या आणि किती तशाच राहिल्या, हे दर तिमाहीला सांगावे.

शासनाचा आदेश येईपर्यंत थांबण्याचीही गरज नाही. बाजार समित्यांकडे वांधे सोडवण्याची कागदपत्रे आहेत. ती टेबलाच्या खणातून पडद्यावर आणायची आहेत. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी आपल्या सौद्यांची सामाईक वही ठेवली, तरी एका तालुक्याचा अनुभव दुसऱ्या तालुक्याच्या उपयोगी पडेल. त्यासाठी सौदापट्टी, वजनाची पावती आणि मालाच्या नमुन्याचे छायाचित्र जपण्याची सवय हवी. पुरावा नसलेली तक्रार नोंदीत टिकणार नाही, आणि टिकूही नये.

काशीच्या पेढीवरचा महाजन कागद हातात घेतल्यावर आधी विचारी, हा कोणाचा माणूस, याची पत काय. यंदाच्या हंगामात माल गाडीत चढवण्यापूर्वी शेतकऱ्यालाही तोच प्रश्न विचारायचा आहे. त्याचे उत्तर बाजाराकडे लिहिलेले आहे. ते त्याला वाचू दिले पाहिजे.